पोर्तुगालमध्ये १२ रात्री: खरं पोर्तुगाल कुठे भेटतं, आणि वैताग कसा निस्तरायचा?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं पोर्तुगालला निघतोय: मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखरे, आणि शाकाहारी (अंडं चालतं). सहल कंपनीने दिलेल्या आराखड्यात लिस्बन, सिंत्रा, फातिमा, कोइंब्रा, पोर्तु, लागुश आणि वर स्पेनमधलं सेव्हिल आहे. म्हणजे दर दोन दिवसांनी नवं हॉटेल.

दोन रात्री कळंगुटला काढून ‘गोवा पाहिला’ म्हणणारे पाहुणे आपण रोज बघतो. तसं आपलं तिथे होऊ नये, एवढीच इच्छा आहे. काय गाळावं, काय ठेवावं? व्हिसा, रांगा, संप, जेवण यांत नेमकं कुठे अडतं? अनुभवी लोकांनी तपशिलात सांगावं.

म्हादई
ताई, आधी तो आराखडा निम्मा करा. दोनच मुक्काम ठेवा: लिस्बनला ८ रात्री आणि एव्होराला ४. एव्होरा आगगाडीने दीडेक तासावर आहे. तटबंदीतलं जुनं गाव, चालत फिरण्याजोगं. मुक्काम बदलला की बॅगा भरणं, स्टेशन गाठणं, खोली तयार होईपर्यंत बसणं यात अर्धा दिवस जातो. सहा वेळा बदललात तर तीन दिवस बॅगा ओढण्यातच संपले. सासूबाईंच्या गुडघ्यांना हा त्रास चढापेक्षा जास्त.

‘खरं’ गाव नकाशावर वेगळं दाखवलेलं नसतं. रोजचं साधं काम तिथल्या वेळेला, तिथल्या रीतीने केलं की ते भेटतं. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी सकाळी गेलेला आणि मंगळवारी भर दुपारी गेलेला, दोघांना दिसणारं गाव एक नसतं. लिस्बनचंही तसंच.

राहायला बायशा किंवा आल्फामा हे लिस्बनचे मधले जुने भाग नकोत, तिथे निम्मी घरं पाहुण्यांनाच भाड्याने दिलेली आहेत. कांपु द ओरीक, आल्व्हालाद किंवा आरोइयुश बघा. तिन्ही भागांत स्वतःची मंडई आहे. सकाळी ८ला घराजवळच्या पाश्तेलारियात, म्हणजे केक-कॉफीच्या दुकानात, जाऊन काउंटरपाशी उभ्यानेच बिका घ्या. बिका म्हणजे लहान कपातली कडक कॉफी. बाहेरच्या टेबलावर बसून घेतली तर तीच बऱ्याच ठिकाणी महाग पडते. महत्त्वाचं म्हणजे रोज त्याच दुकानात जा. चौथ्या दिवशी न मागता कप पुढे येतो आणि मग बोलणं सुरू होतं. रोज नवी जागा शोधणाऱ्याला हे कधीच मिळत नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. काचेवर हाताने लिहून चिकटवलेला ‘प्रातु दु दीआ’ म्हणजे आजचा पदार्थ, तोच मागा. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी थाळी, ती एका माणसाला पुरते, आणि पूर्ण थाळीत बहुधा दोघं जेवतात. संध्याकाळी साडेसातच्या आत चूल पेटत नाही. दुपारी ४ला पाच भाषांतली पाटी आणि पदार्थांची चित्रं लावून उघडं असलेलं हॉटेल तिथल्या माणसांसाठी नाही, हे ओळखा.

मासळी बघायला सोमवारी मंडईत जाऊ नका. रविवारी होड्या जात नाहीत, त्यामुळे कट्टे रिकामे असतात. जुना बाजार, फैरा दा लाद्रा, मंगळवारी आणि शनिवारी भरतो. बरीच संग्रहालयं आणि जेरोनिमुशचा मठही सोमवारी बंद. त्यामुळे सोमवार धुणंभांडी, चालणं आणि आरामाला ठेवा.

पर्यटक जिच्यासाठी गर्दी करतात त्या २८ नंबरच्या ट्रामबद्दल: मार्तिं मोनिझच्या टोकाला तासभर रांग लावू नका. सकाळी लवकर, कांपु द ओरीककडच्या टोकावरून चढा. पायऱ्या उंच आहेत, आत उभं राहावं लागतं, खिसेकापू नेमके तिथेच असतात. शिवाय ती तिथल्या म्हाताऱ्यांची रोजची गाडी आहे. बाजाराची पिशवी घेऊन आजी चढली तर उठून जागा द्यावी. सासूबाईंना घेऊन २४ नंबर बरी, कामोंइशच्या चौकातून कांपोलीदपर्यंत. गर्दी कमी.

चढांसाठी दोन फुकटच्या सोयी आहेत. बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचे सरकते जिने खालच्या भागातून थेट वरच्या शियादु भागात नेतात, तिकिटाच्या फाटकातून जावं लागत नाही. आणि किल्ल्याच्या वाटेवर फांकैरुश रस्त्यावरून वर नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, पुढे जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी. सरकते जिने मधूनमधून बंद असतात, तेव्हा त्यांच्यावर वेळेचं गणित बांधू नका. फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या तुकड्यांचे आहेत, पाऊस पडला की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे. रबरी तळ असलेले बूट घ्या, कातडी तळ अजिबात नको.

चोडण_फेरी
म्हादईंनी वाट दाखवली, मी अडथळे सांगतो. निम्मा वैताग घर सोडण्याआधीच टाळता येतो.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कागदपत्रांबद्दल शंका आली तर ४५ पर्यंत. ऑक्टोबरला जायचंय, तर जुलैतच द्या. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाखर्च. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना (हा एकच व्हिसा जिथे चालतो त्या युरोपीय देशांना) लागू होणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालणारा, १० वर्षांच्या आत दिलेला, २ कोरी पानं असलेला.

अर्ज अडतो तो बहुधा तीन जागी. एक, रात्रींचा हिशेब जुळत नाही: विमानाची तिकिटं १२ रात्रींची आणि बुकिंग ११चं. दोन, खात्यात आदल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम येते आणि ती कुठून आली याचा कागद नसतो. तीन, नावाची स्पेलिंगं. आपल्याकडे लग्नाच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं, हे सर्रास आढळतं. सासूबाईंचे कागद आजच समोर मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा.

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर घ्या. दोन स्वतंत्र तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नसतो आणि नवं तिकीट स्वतःच्या खिशातून घ्यावं लागतं. दाबोळी की मोपा, हेही तिकिटावर नीट वाचा. जाताना एका विमानतळावरून आणि येताना दुसऱ्यावर, असं तिकीट नकळत काढलं जाऊ शकतं. बॅग आली नाही तर बेल्टजवळच्या खिडकीवर तक्रारपत्र भरून क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. बॅगेला इजा झाली असेल तर ७ दिवसांत लेखी कळवावं लागतं. सासूबाईंची औषधं हातातल्या पिशवीतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

पैसे: कार्डावरचा परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा आणि भारतीय सिम रोमिंगवर ठेवा, नाहीतर ओटीपी येत नाही. यंत्रातून पैसे काढताना ‘मुल्तिबांकु’ असं लिहिलेलं, बँकेच्या भिंतीतलं यंत्र निवडा. पडद्यावर ‘रुपयांत आकारू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, युरो निवडा. रुपयांचा दर यंत्रवाला ठरवतो आणि तो नेहमी तुमच्या तोट्याचा असतो. लहान ताश्कांत, म्हणजे खानावळीत, बऱ्याचदा परदेशी कार्ड चालत नाही. ४०-५० युरो रोख जवळ असू द्या. लिस्बनमध्ये पर्यटक कर दर माणशी दर रात्री ४ युरो, जास्तीत जास्त ७ रात्रींचा. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, तेव्हा काउंटरवर मागितला तर फसवणूक समजू नका.

आता तिथले रोजचे खटके. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर कायद्याने ते आकारता येत नाहीत. नको असेल तर लगेच ‘नाऊं, ओब्रिगादु’ म्हणा (बायका ‘ओब्रिगादा’ म्हणतात), माणूस शांतपणे उचलून नेतो. दुकानात गल्ल्यावर ‘कोंत्रिबुइंत?’ विचारतात. तो तिथल्यांचा कर क्रमांक, तुम्ही फक्त ‘नाऊं’ म्हणा. औषधाचं दुकान, बेकरी, टपाल कचेरी, सगळीकडे दारापाशी ‘सेन्या’चं यंत्र असतं. त्यातून नंबराची चिठ्ठी काढायची. ती न काढता उभं राहिलात तर २० मिनिटांनीही कुणी विचारणार नाही, आणि तो उद्धटपणा नसतो. चिठ्ठी नाही म्हणजे तुम्ही अजून रांगेत आलाच नाहीत.

प्रवासाचं नाव्हेगांत कार्ड अर्ध्या युरोचं, प्रत्येकाला वेगळं लागतं. मेट्रोतून बाहेर पडतानाही टेकवायचं असतं, ते फेकून देऊ नका. संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. त्याची सूचना आधी द्यावी लागते, म्हणून एव्होराला निघण्याच्या तीन-चार दिवस आधी रेल्वेच्या संकेतस्थळावर हा शब्द दिसतो का बघा. दिसला तर बसचं तिकीट काढा, वाद घालू नका.

आणि खरोखर अन्याय झाला तर आवाज चढवून उपयोग नाही. शांतपणे तक्रारवही मागा, ‘लिव्रु द रेक्लामासोंइश’. प्रत्येक दुकान-हॉटेलला ती ठेवणं आणि मागितल्यावर देणं बंधनकारक आहे. भरलेल्या पानाची एक प्रत तुम्हाला मिळते, मूळ पान सरकारी यंत्रणेकडे जातं. बऱ्याचदा वही मागितल्यावरच बिल दुरुस्त होतं.

पोईवाली
सासूबाईंच्या जेवणाचं मी सांगते. ‘व्हेजितारियाना’ एवढा शब्द पुरत नाही. ते ऐकून सॅलडमध्ये ट्यूना घालून आणतात, कारण अनेकांच्या लेखी मांस नाही म्हणजे झालं. म्हणून फोडून सांगा: ‘सैं कार्न, सैं पैश’, म्हणजे मांस नको, मासा नको.

काल्दु व्हेर्द हे बटाट्याचं सूप, त्यात हिरवी पानं बारीक चिरलेली. त्या पानांना ‘कोव्ह’ म्हणतात, आपला कोबी शब्द तिथूनच आला. पण त्यात शोरीसुचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा, तुकडा असतो, आणि बहुधा सूपबरोबर उकळलेला. नुसता काढून ठेवून भागणार नाही. ‘सोप द लेगुमश’ मागा आणि कोंबडीचं पाणी घातलंय का ते विचारा. कॉफीच्या दुकानांत काचेमागे त्रिकोणी ‘शामूसा’ दिसतील. होय, समोसाच, आपल्याकडूनच तिकडे गेलेला. बघून आनंद होतो, पण आतलं सारण बहुतेक वेळा मांसाचं असतं.

पोटभर काय मिळेल? चीज ऑम्लेट, टोमॅटोचा भात, घेवड्याचा भात (डुकराची चरबी नाही ना, ते विचारून). एव्होराला असोर्दा आलेंतेजाना जरूर खा. लसूण, मीठ आणि कोथिंबीर कुटून त्यावर ऑलिव्ह तेल, कढत पाणी, शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. गरीब शेतकऱ्याचं जेवण, आणि कोथिंबिरीच्या वासाने सासूबाईंना घरच्यासारखं वाटेल. फक्त ते पाणी खारवलेला मासा उकळलेलं नाही ना, ते आधी विचारा. एव्होराचं मेंढीच्या दुधाचं चीज रानटी काट्याच्या फुलाने विरजतात, वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नाही. कडक शाकाहाऱ्यालाही चालतं. गोडांत ‘तोसिन्यु दु सेउ’ टाळा, त्यात परंपरेने डुकराची चरबी घालतात.

लिस्बनच्या लुमियार भागात महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर राधाकृष्ण मंदिर आहे आणि तिथे शाकाहारी जेवण मिळतं. मोझांबिकमधून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं. यालाही मी खरं लिस्बनच म्हणेन.

घरून नेताना: युरोपात प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा ठेवले तर विमानतळावर टाकून द्यावे लागतात. ताजी फळंभाजीही नाही, कढीलिंबसुद्धा नाही. केळी, नारळ, अननस चालतात. मेतकूट, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या.

साळावली_काठ
एका गोष्टीवर मला भर द्यायचा आहे. गोव्याहून गेलेल्या माणसाला लिस्बनमध्ये गोवाच शोधायची सवय लागते. खिडक्या पणजीतल्या फोंताइन्यासारख्या, नाव ओळखीचं, पाव ओळखीचा. मग तुलना सुरू होते आणि समोरचं दिसेनासं होतं. पाव, बटाटा, चावी, परात, लिलाव हे शब्द पाटीवर वाचून आनंद घ्यावा, पण देश तेवढाच नाही.

ज्यांना तो धागा पाहायचाच आहे त्यांनी जुन्या कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं भारतात घडवलेलं शिसवी, हस्तिदंती फर्निचर बघावं, आणि आल्कांतारातलं ओरिएंते संग्रहालय. १९६१बद्दल, म्हणजे गोवा भारतात आला त्याबद्दल, बोलताना जपून. आपण मुक्ती म्हणतो. तिथल्या जुन्या पिढीत ‘आक्रमण’ असा शब्द ऐकू येतो. पोर्तुगालने गोव्याचं भारतातलं विलीनीकरण मान्य केलं ते १९७४च्या क्रांतीनंतर, त्याच वर्षी ३१ डिसेंबरला करार करून. हे माहीत असलं की बोलणं भांडणाकडे जात नाही.

फादु, म्हणजे तिथलं विरहाचं पारंपरिक गाणं, ऐकायला गेलात तर गाणं चालू असताना काटा-चमचाही वाजवायचा नाही, दिवे मंद होतात, वाढपी थांबतात. मोबाइल वर धरणारा माणूस तिथे देवळात चपला घालून आल्यासारखा वाटतो.

मांडवीकाठ
मनापासून आभार. सेव्हिल, लागुश, पोर्तु, फातिमा, कोइंब्रा सगळं कापलं. एकच अडलंय: सिंत्राचा पेना राजवाडा सासूबाईंना झेपेल का?

म्हादई
सिंत्राला लिस्बनच्या रोसियु स्टेशनवरून पाऊण तासाची लोकल. पेनाला जायचं तर स्टेशनबाहेरून ४३४ नंबरची बस बागेच्या फाटकापर्यंत नेते. तिथून राजवाडा चढावर अर्धा तास, पण फाटकातून वर जाणारी छोटी गाडी मिळते, तिचं तिकीट आधीच घ्या. लोक चुकतात ते इथे: तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. म्हणून ११ची वेळ असेल तर साडेनऊपर्यंत सिंत्रा स्टेशनवर उतरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, त्या दिवसाची वेळ घेऊ नका.

गुडघे त्या दिवशी नाहीच म्हणाले, तर गावातल्याच दोन मोठ्या धुराड्यांच्या राजवाड्यासमोरच्या चौकात सासूबाईंना कॉफी घेऊन निवांत बसू द्या, आणि तुम्ही दोघं वर जाऊन या.