व्हीएसएमएसमध्ये सामाजिक गुणांक कमी का येतोय?

करवीर तालुक्यातल्या अंगणवाड्यांत 3 ते 6 वर्षांच्या मुलांच्या विकास-विलंबाचा अभ्यास सुरू आहे. आईला विचारून व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, म्हणजे मूल रोजची कामं स्वतः किती करतं हे मोजणारी चाचणी) भरतोय, पण बऱ्याच जणांचा गुणांक फारच कमी येतोय. कुठं चुकतंय?

– प्रश्न जसाच्या तसा वाचू नका. 'स्वतः जेवतो का?' म्हटलं की आई सांगते, 'न्हाई ओ, मीच भरवते.' झालं, गुण गेला! भाकरी-आमटी पुढ्यात ठेवली तर तो काय करतो, हे विचारा. जमत नाही आणि करूच दिलं नाही, या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.

– गुणांक म्हणजे सामाजिक वय (मूल ज्या वयाची कामं करतं ते वय) भागिले खरं वय, गुणिले 100, दोन्ही महिन्यांत. 36 भागिले 48 म्हणजे 75. जन्मतारीख दाखल्यावरूनच घ्या.

– आधी कान तपासा. कानाच्या पडद्यामागं पाणी साचलेलं मूलही हाकेला ओ देत नाही.