गोवरची साथ आणि भिजलेलं लसीकरण कार्ड: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही मानखुर्दला राहतो. ऑक्टोबर २०२२ अखेर शेजारच्या गोवंडीत गोवराने मुलं दगावली, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. काल आशाताई (आरोग्य खात्याच्या आशा सेविका) दारावर आल्या. ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा जास्तीचा डोस द्यायचाय, कार्डं दाखवा म्हणाल्या. आणि तिथेच अडलं.

मुलगा २० महिन्यांचा. बाळंतपण माहेरी झालं, ९ महिन्यांची लसही तिकडच्याच उपकेंद्रात. जुलैमध्ये पत्रा गळला आणि कपाटातलं कार्ड भिजलं. बीसीजी, पेंटाच्या तारखा नीट दिसतात, पण गोवर-रुबेलाच्या रकान्यात नुसता निळा डाग आहे. त्यात ‘२२’ एवढंच वाचता येतं. ती तारीख की साल, तेही कळत नाही. इंजेक्शन उजव्या दंडावर दिलेलं मला पक्कं आठवतं, पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस अजून व्हायचाय.

मुलगी ४ वर्षांची. तिचं सगळं खासगी डॉक्टरांकडे, एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) स्टिकर फाइलीत आहेत, सरकारी कार्ड कोरं.

पहिल्या डोसाचा पुरावा कुठे मिळेल? आणि आता मिळणारा डोस मुलाचा दुसरा म्हणून धरायचा का?

प्रतिसाद १
ताई, मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका आहे. कार्डाचा अर्धा भाग, प्रतिपत्रक, आम्ही फाडून उपकेंद्रात ठेवतो. भिंतीवर महिन्यांच्या कप्प्यांची कापडी पिशवी असते, पुढची लस ज्या महिन्यात त्या कप्प्यात ते जातं. तुमच्या मुलाचा दुसरा डोस राहिलाय, म्हणजे कागद अजून तिथेच असायला हवा. तिथल्या सिस्टरना फोन करा, कार्डावरचा आरसीएच क्रमांक (आई-बाळाच्या सरकारी नोंदणीचा) सांगा. रजिस्टरमध्येही नोंद असते.

नाहीच सापडली तर डोस झालाच नाही असं धरून द्यायचा. एखादा जास्त झाल्याने अपाय नाही.

साथीतला डोस मात्र वेगळा. तो दुसऱ्या डोसाच्या रकान्यात लिहू देऊ नका, बाजूला ‘जास्तीचा’ असं लिहून तारीख घाला. त्यानंतर किमान ४ आठवड्यांनी नेहमीचा दुसरा डोस. साथीतला डोस त्या रकान्यात लिहिला आणि नेहमीचा राहिला, तर पुढे कुणी विचारणार नाही, कारण कार्ड भरलेलं दिसेल. हे मी फार पाहिलंय.

धागाकर्ती
ताई, खूप खूप आभार. सकाळी फोन केला, दुपारी सिस्टरनी प्रतिपत्रकाचा फोटो पाठवला. १२ जानेवारी २०२२, गोवर-रुबेला पहिला, खाली अ जीवनसत्त्वाचा डोसही. म्हणजे ‘२२’ हे साल होतं! फोटो पाहून रडूच आलं. प्रिंट काढून कार्डाला टाचलीय, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलीत. आता फोनमध्येही दोन्ही बाजूंचे फोटो ठेवलेत.

उद्या दोघांना घेऊन जाते. मुलीच्या फाइलीतले जुने डोस सरकारी कार्डावर उतरवून घेता येतील ना? की नुसती फाइल सोबत नेली तरी चालेल? कुणी हे केलं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, सत्र सकाळी ९ वाजता सुरू होतं.