शूटर गेममधली हेल्थ आपोआप भरू लागली, तेव्हा नेमके काय बदलले?

निळी चावी (मूळ प्रश्न)
गेल्या महिन्यात १९९३ सालचा 'डूम' पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला. एका लेव्हलमध्ये हेल्थ, म्हणजे खेळाडूची उरलेली जीवनशक्ती, १२ वर आली, पडद्याच्या तळाशी दिसणारा चेहरा रक्ताने माखला, आणि मग आठवले की हेल्थ पूर्ण असल्यामुळे दोन खोल्या मागे एक मेडकिट (हेल्थ वाढवणारी औषधपेटी) उचलता आले नव्हते. त्या २५ अंकांसाठी अंधाऱ्या वाटेने मागे जाताना जी धाकधूक झाली, ती अलीकडच्या युद्धाच्या गेममध्ये मला जाणवत नाही, कारण तिथे भिंतीआड काही क्षण थांबले की हेल्थ भरून येते. हा बदल केवळ सोयीसाठी झाला, की त्यामागे आणखी काही कारण होते?

उत्तररात्र
ही पद्धत रूढ होण्यात २००१ च्या 'हेलो'चा वाटा फार मोठा आहे, परंतु त्यात दोन थर होते: वरची ढाल आपोआप भरून येई, खालच्या हेल्थसाठी मात्र मेडकिटच शोधावे लागे. २००४ च्या 'हेलो २' मध्ये मेडकिट उरले नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या २००३ च्या पहिल्या भागात ते होते, २००५ च्या दुसऱ्या भागात काढून टाकले गेले. माझ्या मते मूळ कारण लेव्हल रचणाऱ्याच्या अडचणीत आहे. 'डूम'मध्ये एकाच दारातून ९० हेल्थचा खेळाडूही येतो आणि १२ हेल्थचाही, त्यामुळे पलीकडची लढाई दोघांनाही झेपेल अशी ठेवावी लागते. प्रत्येक जण पूर्ण हेल्थ घेऊनच येणार हे ठाऊक असले, की प्रत्येक चकमक कमाल तीव्रतेची करता येते. मात्र त्यामुळे मागे वळण्याचे आणि भिंती चाचपडत गुप्त खोल्या शोधण्याचे एक मोठे कारणच संपले, आणि माझ्या दृष्टीने हे नुकसान भरून न येणारे आहे.

पायवाट
नुकसान झाले हे मान्य, पण त्याचा सगळा दोष हेल्थला देणे मला पटत नाही. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये हेल्थ आपोआप भरत नसे. भिंतीवरच्या यंत्रासमोर बटण दाबून धरायचे, आकडा एकेक करून चढताना पाहायचा, आणि यंत्र रिकामे झाले की पुढे निघायचे. तरीही तिथली वाट बहुतांशी एकेरीच आहे, कारण चालू खेळ न थांबवता गोष्ट सांगायची असेल, तर खेळाडू कोणत्या क्षणी कुठे असेल हे आधी ठरलेले असावे लागते. लेव्हल अरुंद होण्याची सुरुवात मला तिथे दिसते.

डस्टवाला
वरची चर्चा एकट्याने खेळायच्या गेमपुरती आहे. 'हाफ-लाइफ'वरच १९९९ साली उभ्या राहिलेल्या 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये गमावलेली हेल्थ त्या राउंडमध्ये परत मिळत नसे. पुण्यात कॉलेजला असताना सायबर कॅफेत आम्ही तासन्‌तास त्यातल्या 'डस्ट २' या नकाशावर खेळत असू, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून "मी नऊवर आहे, तू पुढे हो" असे कुणी ओरडले, की पुढचा सगळा डाव बदलत असे: भरल्या हेल्थचा मित्र कोपऱ्यावर आधी जाई आणि जखमी माणूस मागून नजर ठेवी. हेल्थ भिंतीआड भरून आली असती, तर हे एकमेकांना सांभाळणे त्या खेळात आलेच नसते.

निळी चावी
सर्वांचे मनापासून आभार. उत्तररात्र यांचे म्हणणे वाचून २०१६ चा 'डूम' वेगळ्या नजरेने पाहिला. त्यात हेल्थ आपोआप भरत नाही. वाटेत मेडकिट मिळतातच, पण शत्रूला अर्धमेला करून अगदी जवळ जाऊन हातांनी संपवले, तर त्याच्याकडूनही हेल्थ मिळते. त्यामुळे १२ वर आलेला खेळाडू भिंतीआड दडण्याऐवजी थेट गर्दीत शिरतो. काल रात्री मीही तेच केले आणि ४० वर बाहेर पडलो.