मदत हवी आहे: सासूबाईंचा गुलाब नक्की कोणता? (आणि सभासदत्वाचा घोळ)

नमस्कार मंडळी,

गिरगावातली आमची चाळ पाडायला दिली आणि आम्ही कांदिवलीला भाड्याने राहायला आलो. सामान टेम्पोत गेलं, पण सासूबाई गुलाबाचा डबा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसल्या. डालड्याचा जुना डबा, तळ गंजून चाळणी झालेला.

फूल गर्द गुलाबी, भरगच्च, वाटीच्या आकाराचं. दादरच्या फूलबाजारात मिळतो तसली लांब कळी नाही. दुपारनंतर हात लागला की पाकळ्या झरझर गळतात, म्हणून देवाला सकाळीच काढायचं. वास मात्र खोलीभर. दसऱ्यानंतर छाटला की थंडीत बहरतो, पण एरवीही दोन-चार फुलं असतातच. उरलेल्या पाकळ्या खडीसाखरेत घालून बरणी ग्रिलमध्ये उन्हाला ठेवतो.

परवा नर्सरीवाला म्हणाला, "हा गुलाब नव्हेच, खुंट आहे. वरचं कलम मेलं, खालचं रानटी वाढलं. काढून टाका." सासूबाई दिवसभर गप्प होत्या. त्यांच्या माहेरून, वसईहून, आणलेली ही फांदी. तिच्यावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा (कलमाची कळी) कधी भरलेलाच नाही, मग खुंट कुठून येणार?

नाव आणि कूळ शोधायला एका परदेशी बागकामाच्या साइटवर वर्षाची वर्गणी भरली, कारण गुलाबांची वंशावळ फक्त सभासदांनाच दिसते. खात्यातून पैसे गेले, पण लॉगिन केलं की "आपण सभासद नाही". दोन मेल केले, उत्तर नाही. परत पैसे भरू का? सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, रोज विचारतात, "कळलं का गं नाव?"

उत्तर:

ताई, परत पैसे भरू नका. वर्गणी भरताना दिलेला मेल आणि लॉगिनचा मेल एकच आहे ना, ते आधी बघा. माझ्या बाबतीत तीच गडबड झाली होती. स्पॅमही चाळा. तरी जमलं नाही तर व्यवहार क्रमांकासह बँकेत लेखी तक्रार करा.

आता गुलाब. वर्णनावरून मला हा एडवर्ड वाटतो. नाव ऐकून इंग्रजांचा राजा आठवतो, पण हे नाव हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावरच्या 'रोझ एदुआर'चं. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ, म्हणून हा बूर्बाँ गुलाब. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दमास्क (अत्तराचा सुगंधी गुलाब) आणि चिनी गुलाबाच्या संकरातून हे कूळ तयार झालं असं मानतात. वास दमास्कचा, आणि पुन्हा पुन्हा फुलायची सवय चिनी आजीची. कनौजचा अत्तराचा गुलाब दमास्कच, पण तो मुख्यतः मार्च-एप्रिलमध्ये बहरतो, तुमचा बारमाही आहे, हा मोठा फरक.

नर्सरीवाल्याचा गोंधळ का झाला तेही सांगतो. उत्तरेत एडवर्डवरच डोळे भरतात, त्यामुळे त्यांच्या लेखी तो खुंटच. पण तो स्वतः पूर्ण गुलाब आहे, हारांना आणि गुलकंदाला चालतो. काढू नका!

खात्रीसाठी पानाची खालची बाजू आणि काटे बघा. दमास्कचं पान करडसर, खालून लवदार, आणि फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असते.

धागाकर्ती:

आत्ताच बॅटरी धरून पाहिलं. पान हिरवंगार, खालून गुळगुळीत. काटे विरळ, वाकडे. सासूबाईंना "एडवर्ड" सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मन भरून आलं, खूप आभार. मेलचीच चूक होती, वर्गणी जुन्या मेलवर गेली होती.

आता एकच विचारायचंय. डबा खालून फुटतोय, मुळं पत्र्याला धरून बसली आहेत. पत्रा कापून काढू का? आणि कुंडीत हलवायला छाटणीपर्यंत थांबू की पावसातच हलवू?