'शिस्त नाही म्हणून आपण आजारी' : या पोस्टला उत्तर द्यायलाच हवं

सिस्टर_मानखुर्द
एल्बेकाठचा_बाप यांनी मुलाकडे हॅम्बुर्गला राहून आल्यावर परवा इथे लिहिलंय की तिथे रस्त्यावर कोणी थुंकत नाही, नळाचं पाणी थेट पितात, ऐंशीचे म्हातारे सायकल चालवतात, म्हणजे श्रीमंत देश निरोगी आहेत ते पैशामुळे नाही तर शिस्तीमुळे, आणि आपल्याकडे फुकट औषध दिलं तरी लोक गोळ्या अर्ध्यात टाकतात. हे शेवटचं वाक्य वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

काका, हॅम्बुर्गचंच घ्या. १८९२ मध्ये तिथे कॉलऱ्याने ८,०००हून जास्त माणसं गेली. तेव्हाचे जर्मन काही बेशिस्त नव्हते, आणि शहर बंदराच्या व्यापारावर गब्बर होतं. पण एल्बे नदीचं पाणी न गाळताच नळाला सोडलेलं, कारण गाळणीच्या खर्चावरून वर्षानुवर्षं घोळ चाललेला. शेजारचं आल्टोना तेव्हा वेगळं शहर होतं, तेही एल्बेचंच पाणी प्यायचं, उलट हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं, पण ते वाळूतून गाळून घ्यायचे. आल्टोना बऱ्यापैकी वाचलं. हद्दीवरच्या रस्त्याला एका बाजूच्या घरांत कॉलरा आणि समोरची घरं धडधाकट, असं झालं. भाषा एक, खाणं एक, सवयी त्याच. फरक नळाचा.

आता गोळ्यांचं. मी मानखुर्द-गोवंडीत टीबीच्या पेशंटांमागे फिरलेय. सहा महिन्यांचा कोर्स. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात जोर येतो, आणि माणूस नाक्यावर जातो कारण घरात तांदूळ नसतो. गोळ्या देणाऱ्या सेंटरची वेळ आणि नाक्यावर मजूर उचलायची वेळ एकच, सकाळची. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, दिवस वाया जातो, हजेरी बुडते. याला तुम्ही बेशिस्ती म्हणता?

एल्बेकाठचा_बाप
सिस्टर, मी कोणाला हिणवायला लिहिलं नव्हतं. पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. हॅम्बुर्गने पुढच्या वर्षी गाळणी सुरू केली, कारण तिजोरीत पैसा होता आणि बांधलेलं टिकवायची सवय होती. आपल्याकडे नवीन संडास बांधला की महिन्याभरात कड्या गायब. आणि टीबी थुंकण्यातूनच पसरतो ना?

सिस्टर_मानखुर्द
नाही. टीबी खोकल्यातून हवेत पसरतो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो. रस्त्यावरची थुंकी घाण आहे, थांबायलाच हवी, पण टीबीचं मूळ तिथे नाही. खोलीत वारा आणि ऊन आहे का, हा प्रश्न आहे.

गोरेगाव_फास्ट
पैसा पैसा काय चाललंय? अमेरिका देशाच्या उत्पन्नाच्या साधारण १७ टक्के आरोग्यावर उडवते, तरी २०२१ मध्ये तिथलं सरासरी आयुर्मान ७६ होतं, जपानचं ८४. आणि आपलं केरळ बघा, २०२०च्या आकड्यांत हजार जन्मांमागे सहा बालमृत्यू, देशाचा आकडा २८.

टॅक्सभरणारा
केरळ गल्फच्या पैशावर चाललंय हो. ते सोडून बोला.

गोरेगाव_फास्ट
गल्फचा पैसा नंतर आला. १९७०-७५ मध्येच केरळात आयुर्मान ६२ होतं आणि देशाचं पन्नासच्या आत. तेव्हा केरळ गरीबच होतं. मुली शाळेत गेल्या, गावात दवाखाना होता आणि तिथे डॉक्टर बसायचा. आता डायबेटिस वाढलाय तिथे हे मान्य, पण मूल तरी जगतं.

बाल्कनीवाली
कबुतरांबद्दल कोणीच का बोलत नाहीये? आमच्या बिल्डिंगमध्ये कबुतरांमुळे एका आजींची फुफ्फुसं खराब झाली, डॉक्टरांनी सांगितलं खिडकी बंद ठेवा, आणि वरचे रोज दाणे टाकतात. सुखवस्तू लोक आहेत, शिकलेले!

टॅक्सभरणारा
कबुतरं राहू दे. सिस्टर वारा-ऊन म्हणतायत म्हणून विचारतो, झोपडपट्टीतून उठवून ज्यांना फुकट घरं मिळाली त्यांनी काय केलं त्यांचं? दोन बिल्डिंगांच्या मधल्या हाउस गल्लीत कचऱ्याचा पहिल्या मजल्यापर्यंत ढीग. मी डोळ्यांनी बघितलाय. आम्ही तीस वर्षं हप्ते भरतोय आणि यांना चावी हातात.

सिस्टर_मानखुर्द
"फुकट" हा शब्द जरा जपून वापरा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या आमच्याकडच्या पुनर्वसन वसाहती, इथे लोक हौसेने नाही आले. तुमची आमची लोकल वेगात जावी, रस्ते रुंद व्हावेत म्हणून त्यांना उचलून तिथे टाकलं. आणि बांधलं काय? दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी बाराला ट्यूबलाइट लागते. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेची पाहणी २०१८ मध्ये आली, त्यात या दोन वसाहतींत दर दहा घरांमागे एका घरात टीबी निघाला. जवळच्याच पीएमजीपी कॉलनीत, जिथे इमारती लांब लांब आहेत, तिथे शंभर घरांत एक. परत तेच बघा, हॅम्बुर्ग आणि आल्टोना. इथे तर देश एक, शहर एक, वॉर्डही एक.

टॅक्सभरणारा
आणि कचरा? तो बिल्डरने टाकला का? त्या कचऱ्यामुळेच खिडक्या बंद राहतात, हे तुम्ही मुद्दाम लिहीत नाही.

सिस्टर_मानखुर्द
कचरा तेच टाकतात. बरोबर आहे. लिफ्ट बंद, सातव्या मजल्यावरून गुडघेदुखीवाली बाई डबा घेऊन उतरणार आणि गाडी आलेलीच नसणार, हेही खरंय. तरी टाकू नये, मी त्यांना तोंडावर बोललेय आणि शिव्या खाल्ल्यात.

गिरणगावचा_पोरगा
टॅक्सवाले साहेब, जीभ आवरा. माझे वडील गिरणीत होते, कापसाच्या धुळीत आयुष्य गेलं, चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठजण. वडिलांना टीबी झाला तर शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात ठेवलं. आई भांडी वेगळी घासायची, पोरांना हाताला धरून व्हरांड्यात झोपवायची. यापेक्षा कसली शिस्त हवी होती? धाकट्या काकांना लागलाच. आमच्या घरात दारू नव्हती, तंबाखू नव्हता, काहीच नव्हतं. खोलीला खिडकी एक आणि तीही संडासाकडे. तुम्ही तीस वर्षं हप्ते भरले ते ज्या शहरात भरले ते माझ्या बापाने उभं केलं.

टॅक्सभरणारा
तुमच्या वडिलांबद्दल मी अक्षर काढलं नाही. उगाच अंगावर येऊ नका.

एल्बेकाठचा_बाप
भांडू नका. माझा प्रश्न साधा आहे. पैसा लागतो की नाही?

गोरेगाव_फास्ट
लागतो हो. पण कोणाच्या खिशातून? देशाच्या २०१७च्या आरोग्य धोरणात २०२५पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू असं लिहिलं, २०२१-२२ मध्ये तो १.८४ होता. त्याच वर्षी आरोग्यावरच्या एकूण खर्चातले शंभरातले ३९ रुपये पेशंट स्वतः मोजत होता. आधी ६०च्या वर होते, सुधारलं, हे म्हणायलाच हवं. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना सरकारी आरोग्य योजनेत घेतलं, तेव्हा ते काही जर्मनी नव्हते. जर्मनीतही काकांचा मुलगा आजारी पडला तर दागिने मोडत नाही, आरोग्य विमा सक्तीचा आहे.

एल्बेकाठचा_बाप
हो, मुलाच्या पगारातून तो कापतात. नातवाच्या ऑपरेशनला बिल म्हणून काही हातात आलंच नाही, तेव्हा मला नवल वाटलं होतं. पाण्याचं आणि विम्याचं मान्य करतो. अर्धवट गोळ्यांबद्दलचं वाक्यही तसं लिहायला नको होतं. पण स्वच्छतेचं मी सोडणार नाही, रोज स्टेशनच्या जिन्यावर पिचकाऱ्या बघतो मी.

बाल्कनीवाली
आणि कबुतरं.

टॅक्सभरणारा
सिस्टर, एक विचारायचं होतं. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय. बिल्डर म्हणतो मागच्या टॉवरला थोडं चिकटून घेतलं तर प्रत्येकाला पन्नास फूट जास्त. कमिटी खूश आहे. माझी आई दिवसभर घरात असते.

सिस्टर_मानखुर्द
सही करायच्या आधी प्लॅन मागा. मागच्या टॉवरपासून किती मीटर ते आकड्यात लिहून घ्या. आईंची खोली कोणत्या बाजूला येते, खिडकी उघड्यावर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद बोळात, ते बघा. डक्टमध्ये असेल तर पन्नास फूट सोडून द्या आणि कमिटीतल्या बाकीच्यांनाही सांगा, सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी म्हातारं असतंच.