मदत हवी आहे: रेशीम अळ्यांची अंडी सहा आठवडे झाले तरी फुटत नाहीत (सरड्याच्या खाद्यासाठी)

नमस्कार. मी अमळनेरची. मुलीने पुण्यात होस्टेलवर असताना बिअर्डेड ड्रॅगन नावाचा पाळीव सरडा घेतला, वॉर्डनबाईंना कळलं, आणि दिवाळीत तो काचेच्या पेटीसकट आमच्याकडे आला. (ऑस्ट्रेलियातली जात आहे, नोंदणीचे कागद आहेत. घोरपड किंवा तारा कासव नाही, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरात ठेवताच येत नाही हे ठाऊक आहे. त्यावरून धागा भरकटवू नये ही विनंती.)

इथल्या दुकानात मासे आणि पोपटाचे पिंजरे यापलीकडे काही मिळत नाही. रातकिडे पाळून पाहिले. त्यातले पाचसहा निसटून दिवाणाखाली गेले आणि आठवडाभर कोणाला झोप नाही. मग ह्यांच्या ओळखीचे एक जण पारोळ्याकडे तुती लावून रेशीमशेती करतात, त्यांनी डिसेंबरात मिठाईच्या खोक्यात दोनेकशे अळ्या दिल्या, दुसरी कात टाकून नुकत्याच उठलेल्या. पैसे घेतले नाहीत, नुसते हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "मानूसले नेसाले भेटत नही, आनि सरडाले खावाले रेशीम!"

सरड्याला अळ्या जाम आवडल्या. मऊ असतात, पळत नाहीत, वास नाही. अळी हातावर घेतली की थंड लागते आणि पायांनी कातडीला हलकेच धरून ठेवते, सोडवताना मलाच कसंतरी होतं. असो.

अडचणी दोन.

एक, रोज दहा घालायचा माझा हिशोब होता. पण पाचव्या, म्हणजे कोषाआधीच्या शेवटच्या, अवस्थेत गेल्यावर त्या असा काही पाला खाऊ लागल्या की सकाळी भरलेला ट्रे दुपारी नुसत्या शिरा. आणि मग दोन दिवसांत सगळ्या एकदम कोषावर. सरडा उपाशी, माझ्याकडे नव्वद कोष.

दोन, म्हणून बारा कोष ठेवले. पतंग निघाले, नर नुसते पंख फडफडवत गोल फिरत होते, माद्यांनी जानेवारीच्या वीस तारखेच्या आसपास जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अंडी घातली. पिवळी होती, तिसऱ्या दिवशी विटकरी, मग राखाडी. काही पिवळीच राहिली आणि चेपली. त्यानंतर काहीच नाही. कपाटात आहेत, रोज बघते. मेली का? आणि आता ऊन वाढतंय, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा अळ्या कशा जगवू?

(मधे तीसेक अळ्या एका रात्रीत मेल्या, हिरवं ओकून, वेड्यावाकड्या होऊन. शेजारच्या खोलीत डासांची कॉइल लावली होती. ती चूक कळली, पुन्हा नाही.)

तुतीवाला_पाचोरा:
ताई, मेलेली नाहीत. राखाडी झालेली अंडी फळलेली आहेत, झोपली आहेत. पिवळी राहून चेपली ती फळलीच नव्हती, ती सोडा.

आपल्याकडे पांढऱ्या कोषाची जी जात असते ती बायव्होल्टाइन, म्हणजे वर्षात दोनच पिढ्या देणारी. तिच्या अंड्यांना हिवाळा लागतो, थंडी खाल्ल्याशिवाय फुटत नाहीत. आम्हाला जे अंडीपुंज मिळतात ते बीजोत्पादन केंद्रात अंडी घातल्यापासून साधारण दिवसभरात हायड्रोक्लोरिक ॲसिडमधून काढलेले असतात, म्हणून दहा-अकरा दिवसांत फुटतात. तुमची ती वेळ गेली, आणि घरात ॲसिड तापवायच्या भानगडीत पडूही नका.

कॅलेंडरचा तो कागद कात्रीने पट्ट्या करून कापा, पट्टीवर पन्नास-साठ अंडी येतील अशा. बारीक भोकं पाडलेल्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ५ अंशांच्या आसपास. फ्रीझरमध्ये नाही. तीन महिने हात लावू नका. मृगाचा पाऊस झाला की पहिली पट्टी काढा, मग दर दहा-बारा दिवसांनी एकेक. आम्हाला सगळ्या अळ्या एकाच दिवशी कोषावर गेलेल्या हव्या असतात, सगळी शेती त्यासाठीच आखलेली. तुम्हाला उलटं हवंय, म्हणून अंडीच थोडी थोडी उठवा.

उन्हाळ्यात करूच नका. तीस-बत्तीसच्या वर अळी खाणं सोडते. कुलर लावाल तर दमटपणा वाढून मोठ्या अळ्यांना रोग येतो, अंग सुजून सांध्यातून दुधासारखं पाणी येतं. आम्ही सुद्धा मे महिन्यात शेड रिकामी ठेवून चुना मारतो.

पाला कुठून आणता तेही बघा. बांधापलीकडे कपाशी किंवा केळी असेल तर फवारणीचा वारा येतो. ओला पाला घालू नका.

आणखी एक, आमच्या अळ्या संकरित. त्यांच्या पिलावळीत कोष बारीकमोठे येतात, बाजारात कोणी विचारत नाही. सरड्याला काय त्याचं!

गेको_नाशिक:
वरच्यांनी अंड्यांचं सांगितलंच. खाद्याचं मी सांगतो. अळीची जाडी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. अळीत पाणी भरपूर आणि चरबी कमी, ते चांगलंच, पण कॅल्शियम पुरेसं नसतं, पावडर भुरभुरून द्या. नुसत्या अळ्यांवर ठेवू नका, मोठ्या बिअर्डेडच्या ताटात पालेभाजी जास्त हवी. तुतीचं कोवळं पानही चिरून चालतं. काळी पडलेली किंवा लिबलिबीत अळी कितीही वाया जावो, देऊ नका.

आणि ट्रेच्या स्टॅन्डचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या येतात. भिंतीवरच्या पालीकडेही लक्ष असू द्या, तिला नोंदणी लागत नाही.

धागाकर्ती:
तुतीवाले दादा, डोळ्यात पाणी आलं हो. टाकायलाच निघाले होते कागद. आत्ताच पट्ट्या केल्या, सतरा झाल्या. जूनपर्यंत सुपरवर्मचं (भुंग्याच्या जिवंत अळ्यांचं) पार्सल मागवते, उन्हात मरू नयेत म्हणून संध्याकाळी पोचेल असं बघते, आणि राजगिरा-मेथीवर भागवते.

कापताना थोडी अंडी सुटून खाली पडली, तीही वेगळ्या डबीत घातलीत. डबीवर मोठ्या अक्षरात "खसखस नाही" असं लिहिलंय, कारण सासूबाई अनरसे करायच्या म्हणत होत्या.