शब्दचर्चा : ‘युद्धकैदी’ की ‘बंदिवान’, ‘छळ’ की ‘यातना’?

प्रश्न : युद्धकाळात ताब्यात घेतलेल्यांना क्रूर वागणूक देण्यास मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या २००५ च्या कायद्याविषयी मराठीत लिहिताना ‘डिटेनी’साठी ‘युद्धकैदी’ आणि ‘टॉर्चर’साठी ‘छळ’ हे शब्द योग्य ठरतील का? ‘क्रूर, अमानुष किंवा मानहानिकारक वागणूक’ यातला शेवटचा शब्दही मला खटकतो.

प्रतिसाद : ‘युद्धकैदी’ मुळीच नको. तो १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने ठरवलेला दर्जा आहे आणि क्युबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावर ठेवलेल्यांना तोच नाकारण्यात आला होता. कायद्याचे कलम म्हणूनच दर्जाची भाषा टाळते आणि अमेरिकी सरकारच्या ताब्यातील कोणत्याही व्यक्तीला, तिचे राष्ट्रीयत्व काहीही असो आणि तिला कुठेही ठेवलेले असो, संरक्षण देते. ‘स्थानबद्ध’मध्ये प्रतिबंधक कायद्याखालील आदेशाचा वास येतो. ‘बंदी’ तुरुंगाच्या कागदपत्रांत रुळलेला आहे खरा, पण ‘बंदींच्या छळावर बंदी’ असे शीर्षक कोण छापणार? मी ‘बंदिवान’ लिहीन. कलमाचा अनुवाद करताना मात्र ‘ताब्यातील व्यक्ती’ एवढेच.

‘छळ’ फार ऐसपैस आहे, कारण सासरचा छळ आणि वरिष्ठांचा छळ हेही त्यातच येतात. ‘यातना’ भोगणाऱ्याच्या बाजूने बोलते, तर कायद्याला देणाऱ्याचे कृत्य पकडायचे असते. म्हणून ‘यातना देणे’ असे क्रियापदासह लिहावे. ही काटेकोरी वायफळ नाही. ऑगस्ट २००२ च्या सरकारी टिपणात असा अर्थ लावला होता की, शारीरिक वेदना अवयव निकामी होताना किंवा मृत्यू येताना होणाऱ्या वेदनेइतकी तीव्र असेल तरच ती ‘टॉर्चर’. हे टिपण २००४ मध्ये मागे घेतले गेले, पण व्याख्या इतकी वर नेली की तिच्याखाली केवढी मोकळीक उरते, हे तोवर दिसून आले होते. सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारलेल्या, सिनेटर जॉन मॅकेन यांच्या दुरुस्तीने (हेच ते २००५ च्या कायद्यातले कलम) नेमकी ही खालची पायरी बंद केली. त्या वाक्यात ‘टॉर्चर’ हा शब्दच नाही, कारण तो गुन्हा आधीच होता. तेव्हा कायद्याला सरसकट ‘छळविरोधी’ म्हटले, तर त्यातली मेखच हरवते.

‘मानहानिकारक’ वाचताच अब्रुनुकसानीचा दावा आठवतो. ‘मानखंडना करणारी’ बरे.

पुन्हा प्रश्नकर्ता : आभारी आहे. ‘मानखंडना’ थोडे पुस्तकी वाटते, तरी स्वीकारतो. पण मॅकेन स्वतः १९६७ ते १९७३ या काळात उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. निदान त्यांना तरी ‘युद्धकैदी’ म्हणावे ना?

प्रतिसाद : अवश्य म्हणावे. फक्त हे ध्यानात असू द्यावे की हनोईचे सरकार पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना युद्धगुन्हेगार ठरवून हाच शब्द नाकारत होते.